श्टुटगार्टहून एका दिवसात उल्म : काय बघावं, काय सोडावं?

गोधडी | ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टला राहतो. साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) साताऱ्याहून दीड महिन्यासाठी आलेत. इथला टीव्ही टॉवर, गाड्यांची दोन्ही म्युझियमं, राजवाड्यासमोरची बाग, सगळं बघून झालं. आता साबु रोज सकाळी चहा घेताना "आज काय?" असं विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी एक दिवस बाहेर काढायचा आहे. म्युनिकला जाताना ट्रेनमधून उल्मच्या चर्चचं टोक कायम दिसतं, पण आम्ही तिथे कधी उतरलो नाही. म्हणून मनात उल्म आहे. अटी अशा :

साबांचे गुडघे कुरकुरतात, चढ नको. साबुंना इतिहास हवा आणि पाटी दिसली की ती पूर्ण वाचायची असते. लेक आठ वर्षांची, तिला चर्च म्हटलं की पोटात दुखतं. नवरा डिझायनर आहे, तो कशालाही नावं ठेवू शकतो. साबा शाकाहारी. गाडी नाही, ट्रेननेच जाणार. रात्रीच्या जेवणाला घरी परत यायचं.

जमेल का? की दुसरं गाव सुचवाल?

---

उंटावरचा_शहाणा | ८ सप्टेंबर, रात्री १०:०५

उल्म कशाला? एक चर्च आणि एक नदी. त्यापेक्षा ट्युबिंगेनला जा. नेकारच्या काठावरची रंगीत घरं, बांबूने ढकलायच्या लांबट होड्या, शिवाय तिथलं विद्यापीठ १४७७ सालचं. साबुंना सांगा, सेंट पीटर्सबर्गचा जो प्रचंड संस्कृत-जर्मन कोश आहे, त्याच्या दोन कर्त्यांपैकी रुडोल्फ रोट ट्युबिंगेनला प्राध्यापक होते. हायडेलबर्गही आहेच.

---

तिखटमीठ | ८ सप्टेंबर, रात्री १०:२२

शहाणे, धागा पूर्ण वाचला का? "चढ नको" असं लिहिलंय. ट्युबिंगेन म्हणजे नदीवरून वर चर्च, चर्चवरून वर बाजार, बाजारावरून वर किल्ला, आणि पायाखाली सगळीकडे गोटे. माझी आई तिथे किल्ल्याच्या निम्म्यावर बसली आणि "तुम्ही या जाऊन" म्हणाली. हायडेलबर्गच्या किल्ल्याला निदान रेल्वे तरी आहे, पण शनिवारी तिथे मुंगीला वाट मिळत नाही.

उल्मचं जुनं गाव स्टेशनपासून सपाट आहे. दहा मिनिटं रमतगमत चाललात की म्युन्स्टरसमोर, म्हणजे त्या मोठ्या चर्चसमोर. या एका कारणासाठी माझं मत उल्मला.

---

प्लॅटफॉर्म_नऊ | ८ सप्टेंबर, रात्री ११:१०

ट्रेनचं मी बोलणार, दुसरं कोण!

श्टुटगार्ट ते उल्म दोन वाटा आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये वेंडलिंगेन-उल्म हा नवा वेगवान मार्ग सुरू झाला. आयसीई ही जलद गाडी त्यावरून जाते आणि पाऊण तासाच्या आसपास पोचवते. पण त्यातला मोठा भाग बोगद्यांत आहे. फिल्स नदीच्या दरीवरचा ८५ मीटर उंच पूल तेवढा मधे येतो, तोही डोळे मिचकावेपर्यंत संपतो.

दुसरी वाट जुनी, गाइसलिंगेनवरून. वेळ थोडा जास्त लागतो, पण जायचं तर यानेच. गाइसलिंगेनला गाडी दरीच्या कडेकडेने वळत श्वेबिश आल्ब हे पठार चढते. हा घाट १८५० चा आहे आणि चढ हजाराला साडेबावीसचा. आपल्या कर्जत-लोणावळ्याचा भोर घाट सदतिसाला एक, म्हणजे हजाराला सत्तावीस, तेव्हा आपला जास्त कडक. पण जड मालगाड्यांना मागून इंजिन लावून ढकलायची पद्धत दोन्हीकडे सारखीच. साबुंना खिडकीत बसवा, खंडाळ्याची आठवण निघणारच.

तिकीट : पाचजणांपर्यंत बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट एकत्र काढता येतं. प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईला नाही. आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवारी-रविवारी ही अट नाही. तुम्हा दोघांकडे डॉइचलांडटिकेट (महिन्याचा पास) असेल तर साबा-साबुंपुरतंच काढा.

आणि हे महत्त्वाचं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट आणि श्टुटगार्टला कान्श्टाटचा फोल्क्सफेस्ट, बिअरचे दोन्ही मेळे चालू. सकाळी आठपासूनच चामडी चड्ड्या घातलेली, हातात बाटल्या घेतलेली पोरं डब्यात असतात. त्रास देत नाहीत, गातात. पण बसायला जागा मिळत नाही. सातच्या आसपासची गाडी धरा.

---

निळासावळा | ९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

उल्ममध्ये मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शनिवार निवडलात ते उत्तम केलंत. बुधवारी आणि शनिवारी सकाळी म्युन्स्टरच्या पटांगणात भाजीबाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी येतात. सप्टेंबरअखेर म्हणजे भोपळे, सफरचंदं, मनुका, ताजी अक्रोडं. साबांना म्युन्स्टरपेक्षा हा बाजार आवडेल, पैज लावा. दुपारी गुंडाळतात, म्हणून आधी तिकडे जा.

आता म्युन्स्टर. हे कॅथेड्रल नाही, कारण इथे कधीच बिशप बसला नाही. ही गावकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली गावची मुख्य चर्च. जुनी चर्च गावकुसाबाहेर होती. १३७६ मध्ये सम्राट चौथ्या कार्लने उल्मला वेढा घातला, वेशी बंद झाल्या आणि लोकांना प्रार्थनेलाही जाता येईना. तेव्हा ठरलं की चर्च तटाच्या आत हवी. दुसऱ्याच वर्षी, १३७७ मध्ये, पायाचा दगड बसला. गावाची वस्ती दहा हजारांच्या घरात, आणि चर्च अशी की आत वीस हजार माणसं उभी राहावीत. खुमखुमीच ती! पैसा होता, कापडाचा व्यापार जोरात होता, तेव्हा केली हौस.

पण हौसेला मोल लागतं. १५४३ मध्ये काम थांबलं, तेव्हा मनोरा १०० मीटरच्या आसपास अर्धवट राहिला. तीनशे वर्षं तो तसाच थोटा उभा होता. १८४४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि १८९० मध्ये टोक पूर्ण झालं. उंची १६१.५३ मीटर.

आत गेलात की पुढे वेदीजवळच्या लाकडी आसनांकडे जा, मागच्या बाकांवरून बघून परतू नका. योर्ग झ्युर्लिन या सुताराच्या कार्यशाळेने १४६९ ते १४७४ या काळात ओक लाकडात ही आसनं कोरली. आसनांच्या टोकांना अर्धपुतळे आहेत, आणि ते संतांचे नाहीत : एका बाजूला पायथागोरस, सिसरो, व्हर्जिल, टॉलेमी असे जुने ग्रीक-रोमन विद्वान, समोरच्या बाजूला भविष्य सांगणाऱ्या सिबिला बायका. पायथागोरसच्या हातात तंतुवाद्य आहे आणि बोटं तारांवर अशी टेकलेली की आता छेडेल. चेहरे देवळातले वाटत नाहीत, बाजारात भाजी घेणाऱ्या माणसांचे वाटतात. साबुंना इथे अर्धा तास द्या आणि घाई करू नका.

मनोऱ्यावरच्या पायऱ्या ७६८. त्याबद्दल इतर लिहितीलच.

---

कांदेपोहे | ९ सप्टेंबर, सकाळी ९:१५

जगातली सर्वांत उंच चर्च! फोटो काढाच.

---

प्लॅटफॉर्म_नऊ | ९ सप्टेंबर, सकाळी ९:२१

आता नाही हो. ३० ऑक्टोबर २०२५ ला बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाच्या मधल्या मनोऱ्यावर क्रुसाचा भाग चढला आणि ती १६२.९१ मीटर झाली. १८९० पासूनचा उल्मचा मान गेला. तेव्हा फरक दीड मीटरसुद्धा नव्हता, पण गेला.

---

निळासावळा | ९ सप्टेंबर, सकाळी ९:५०

उल्मकरांना विचाराल तर "आमची पूर्ण झालेली आहे" एवढंच उत्तर मिळेल.

---

तिखटमीठ | ९ सप्टेंबर, सकाळी ११:०५

मनोऱ्याबद्दल स्पष्ट सांगते. साबांनी नाही, साबुंनीही नाही. जिना दगडी, गोल आणि अरुंद आहे. वर जाता जाता इतका आवळत जातो की समोरून कुणी आलं तर पोट आत ओढून भिंतीला चिकटावं लागतं. आठ वर्षांच्या मुलीला मात्र मजा येते, मुलं धापा टाकत नाहीत. दगडाच्या दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं चालू असतं, त्यामुळे अगदी वरचा टप्पा बंद असू शकतो. तिकीट काढतानाच विचारा. मधल्या टप्प्यावरूनही गाव दिसतं, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला आल्प्सची रांगही दिसते.

वर काय बघायचं? मी तर दगडी गटारतोंडं बघत बसले. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला केलेले राक्षस आणि प्राणी, जीभ बाहेर, डोळे वटारलेले. पोरीला दाखवा.

---

चिमणराव_नव्हे | ९ सप्टेंबर, दुपारी १२:४०

मुलीसाठी माझ्याकडे हुकमी एक्का आहे : चिमणी शोधा.

गोष्ट अशी. म्युन्स्टर बांधताना एक लांबलचक तुळई गाडीवर आडवी घालून आणली आणि ती वेशीतून आत येईना. शहाणी माणसं जमली, चर्चा झाली, शेवटी वेसच पाडायचं ठरलं. तेवढ्यात कुणाला एक चिमणी दिसली. घरट्यात काडी नेताना तिने ती लांबीने धरली आणि सरळ आत गेली. मग उल्मकरांच्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून चिमणी हे गावाचं चिन्ह. चर्चच्या छपरावर एक आहे, आत एक आहे आणि गल्लोगल्ली रंगवलेल्या, दुकानांत चॉकलेटच्या, बेकऱ्यांत पावाच्या.

लेकीला वही द्या आणि सांगा, संध्याकाळपर्यंत दिसेल ती प्रत्येक चिमणी लिहून ठेव. चर्चमध्येही उड्या मारत जाईल.

---

गोधडी | ९ सप्टेंबर, दुपारी १:३०

वाचून मजा आली! चिमणीचा खेळ पक्का. नवरा आणि लेक मनोऱ्यावर, मी साबा-साबुंबरोबर खाली.

आइनस्टाइनचं घर उल्मला आहे ना? साबु विज्ञानाचे शिक्षक होते, त्यांनी कालच विचारलं.

---

रेघोट्या | ९ सप्टेंबर, दुपारी ३:००

घर नाही. जन्म १४ मार्च १८७९, स्टेशनजवळच्या बानहोफश्ट्रासवर. पण पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला गेलं, आणि ते घर १७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. त्या एका संध्याकाळी जुन्या गावाचा बराचसा भाग जळून खाक झाला. म्युन्स्टर वाचलं. म्हणून आज चर्चच्या आजूबाजूला पन्नास-साठच्या दशकांतल्या साध्या इमारती दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या भव्य चर्चशेजारी हे काय! त्याचं कारण हे.

त्या जागी आता माक्स बिलने केलेलं दगडी स्मारक आहे, एकावर एक रचलेले ग्रॅनाइटचे ठोकळे. लोक त्यावर टेकून सँडविच खातात. मुलीला मात्र जुन्या शस्त्रागाराजवळचं कारंजं दाखवा : रॉकेट, त्यावर गोगलगाईचा शंख आणि त्यातून जीभ बाहेर काढलेला आइनस्टाइन. युर्गेन गोएर्त्सने १९८४ मध्ये केलेलं.

साबुंसाठी पुढची गोष्ट. १९२२ मध्ये उल्मने एका रस्त्याला आइनस्टाइनचं नाव दिलं. १९३३ मध्ये नाझी आले आणि पाटी बदलली. युद्ध संपल्यावर पाटी परत लागली. मग गावाने त्यांना मानाचं नागरिकत्व देऊ केलं, ते आइनस्टाइनने नाकारलं. मला ती रस्त्याची पाटी स्मारकापेक्षा जास्त बोलकी वाटते.

आता तुमच्या डिझायनर नवऱ्यासाठी. त्याला सांगा, नावं ठेवायच्या आधी कुबेर्ग टेकडीवर जाऊन ये. उल्मचं होखशूले फ्युर गेश्टाल्टुंग हे डिझाइनचं विद्यालय तिथे होतं, १९५३ ते १९६८, फक्त पंधरा वर्षं. इंगे शोल, ओटल आयखर आणि माक्स बिल यांनी उभं केलेलं. लुफ्तान्साची साठच्या दशकातली ओळख, ब्राउनचे रेडिओ, म्युनिक ऑलिंपिकची माणसांची चिन्हं, सगळ्यांच्या मुळाशी हे उल्म आहे. तीन फळ्या आणि एक दांडका जोडून केलेलं ते प्रसिद्ध स्टूलही इथलंच. बसा, उलटं करून सामान वाहा, एकावर एक ठेवून मांडणी करा.

आणि आपला धागा असा : सुधाकर नाडकर्णी जे.जे. मधून उल्मला शिकायला गेले, परत आले आणि आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन केंद्राचे संस्थापक झाले. पवईत आम्ही जे शिकलो त्याचा बराचसा पाया या टेकडीवर घातला गेला. बिलने बांधलेली इमारत साधी, करड्या काँक्रीटची. पायऱ्या आणि उतार यांची चढण मात्र साबांना झेपणार नाही.

---

आजोबा_औंधकर | ९ सप्टेंबर, सायंकाळी ५:१०

रेघोट्या यांनी इंगे शोल यांचं नाव घेतलं, म्हणून पुढचं लिहितो. इंगे ही हान्स आणि सोफी शोल यांची थोरली बहीण. हिटलरविरोधी पत्रकं वाटल्याबद्दल दोघांना म्युनिकला २२ फेब्रुवारी १९४३ रोजी मृत्युदंड झाला. त्यांचं कुटुंब १९३२ पासून उल्ममध्ये होतं, दोघं तिथेच शाळेत शिकले. युद्ध संपल्यावर इंगेने १९४६ मध्ये गावात प्रौढांसाठी लोकविद्यापीठ काढलं आणि पुढे ते डिझाइनचं विद्यालयही भावंडांच्या स्मरणार्थ उभं राहिलं. लोकविद्यापीठाच्या इमारतीत, जिला आइनस्टाइनहाउस म्हणतात, उल्ममधल्या अशा तरुण मुलांबद्दलचं कायमचं प्रदर्शन आहे. छोटंसं आहे. शनिवारी उघडं आहे का, हे आधी पाहून घ्यावं.

त्याच कुबेर्ग टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात नाझींनी १९३३ ते १९३५ छळछावणी चालवली होती. समाजवादी नेते कुर्ट शुमाखर तिथे कैदेत होते. आज तिथे स्मारक आहे. नात बरोबर असताना नको, पण नवरोबा टेकडीवर जाणार असतील तर त्यांनी दोन्ही पाहावं. दोन्ही शेजारी आहेत हे विसरू नये.

---

उंटावरचा_शहाणा | ९ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

ठीक आहे, माघार. पण मग सिंहमानव कसा राहिला? म्युझियम उल्ममध्ये मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली सुमारे ३१ सेंटिमीटरची मूर्ती आहे, अंदाजे ४०,००० वर्षांपूर्वीची. अंग माणसाचं, डोकं गुहेतल्या सिंहाचं. लोनेटालच्या होहलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत ऑगस्ट १९३९ मध्ये तुकडे सापडले, आठवड्याभरात महायुद्ध सुरू झालं, आणि ते खोक्यांत पडून राहिले. १९६९ मध्ये कुणीतरी खोकी उघडली, तुकडे जुळवायला घेतले, तेव्हा कुठे कळलं की हे काय आहे. पुढे त्याच गुहेत आणखी तुकडे सापडले आणि मूर्ती पुन्हा सोडवून नव्याने जोडली.

आपल्या माणसाला बघताक्षणी नरसिंह आठवतो.

---

आजोबा_औंधकर | ९ सप्टेंबर, सायंकाळी ६:४५

आठवतो खरा. पण संबंध लावू नये. चाळीस हजार वर्षांपूर्वी तिथल्या हिमयुगातल्या माणसाच्या मनात काय होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

---

तिखटमीठ | ९ सप्टेंबर, सायंकाळी ७:००

म्युझियमच्या इमारतीत दुरुस्तीचं काम काढलंय, जाण्याआधी संकेतस्थळावर काय उघडं आहे ते बघा. बंद असेल तर रडू नका, पाव आणि कलेचं म्युझियम आहे. मिठाच्या जुन्या कोठारात, ही इमारत १५९२ ची. धान्य, दळण, भट्टी, दुष्काळ, भूक असा सगळा प्रवास. साबांना जातं, पाटा, उखळ यांच्या नातेवाइकांना भेटल्यासारखं वाटेल.

---

मावळा_डोनाऊचा | ९ सप्टेंबर, रात्री ८:५०

सगळे चर्चमध्येच अडकलेत. अहो, उल्म म्हणजे नदी!

दुपारचं जेवण झालं की फिशरफिर्टेलमध्ये जा. ब्लाउ नावाची छोटी नदी फाटे फोडत घरांच्या मधून वाहते आणि पुढे डोनाऊला, म्हणजे डॅन्यूबला, मिळते. एकेकाळी कोळी, नावाडी, चामडं कमावणारे राहायचे. तिथलं वाकडं घर पोरीला दाखवा, पाण्यावर इतकं कललंय की आता पडेल असं वाटतं. आता तिथे हॉटेल आहे, १९९७ मध्ये गिनेस बुकात जगातलं सर्वांत वाकडं हॉटेल म्हणून नोंद झाली. जमीन कललेली असल्यामुळे पलंगांना पाणसळ लावून सपाट केलंय. पायाखाली गोटे आहेत, साबांचा हात धरा, पण अंतर थोडं आहे.

मग तटावर. १४८२ मध्ये नदीकाठी बांधलेल्या तटावरून सरळ चालता येतं. एका हाताला डोनाऊ, दुसऱ्या हाताला लोकांच्या परसातल्या द्राक्षवेली आणि खिडक्या. रुंद आहे, सपाट आहे. वाटेत खाटकांचा मनोरा, तोही दोन मीटर कललेला. गोष्ट सांगतात की सॉसेजमध्ये लाकडाचा भुसा घालणारे खाटीक त्यात कोंडले, नगराध्यक्ष तावातावाने आत आले, सगळे घाबरून एका कोपऱ्यात दाटले आणि मनोरा त्या बाजूला झुकला. साबा शाकाहारी आहेत ना, ही गोष्ट त्यांना फार आवडेल.

नदीच्या पलीकडे नॉय-उल्म. १८१० पासून ते वेगळं राज्य : अलीकडे बाडेन-व्युर्टेम्बर्ग, पलीकडे बायर्न. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. १५ ऑगस्टला पलीकडे मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते, दुकानं बंद, आणि सगळी मंडळी पूल ओलांडून अलीकडे खरेदीला. हेर्डब्र्युक नावाच्या पुलावरून पलीकडे जा, काठावरच्या बाकावर बसा. तट, घरं आणि वर म्युन्स्टर, सगळं एका नजरेत दिसतं. तिथे तासभर काढा, हे माझं ऐका.

साबुंसाठी आणखी : अठराव्या शतकात इथून हजारो कुटुंबं चपट्या होड्यांत बसून हंगेरीकडे नवं आयुष्य काढायला गेली. होडीला उल्मर शाख्टेल म्हणतात. ती परत यायची नाही, प्रवाहाविरुद्ध ओढणं परवडायचं नाही. व्हिएन्नाला पोचली की फोडून लाकूड विकायचे.

---

चिमणराव_नव्हे | ९ सप्टेंबर, रात्री ९:३०

त्याच तटाच्या पुढे आडलरबास्टाय हा बुरूज. ३१ मे १८११ रोजी आल्ब्रेख्ट बेर्ब्लिंगर नावाच्या शिंप्याने स्वतः शिवलेले पंख लावून तिथून नदीवर उडी घेतली. राजा आदल्या दिवशी बघायला आला होता, पण पंख मोडला म्हणून त्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गावासमोर तो सरळ पाण्यात पडला, कोळ्यांनी काढला. गावाने इतकी टिंगल केली की धंदा बुडाला, १८२९ मध्ये कंगाल अवस्थेत गेला. पुढे १९८६ मध्ये तशाच बनावटीच्या पंखांच्या चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की यंत्र उडू शकत होतं, नदीवरच्या थंड हवेने घात केला. आज तिथे त्याच्या नावाचा मुद्दाम तिरका उभारलेला मनोरा आहे. पंखांची प्रतिकृती नगरभवनात टांगलीय. त्याच नगरभवनाच्या भिंतीवर सोळाव्या शतकातलं खगोलीय घड्याळ आहे, राशी, चंद्रकला सगळं दाखवतं.

---

कांदेपोहे | ९ सप्टेंबर, रात्री ९:३५

म्हणजे आपल्या तळपद्यांसारखाच!

---

उंटावरचा_शहाणा | ९ सप्टेंबर, रात्री ९:३८

तळपदे खरंच उडाले का, हा वाद इथे सुरू झाला तर गोधडी उल्मला पोचणार नाहीत. वेगळा धागा काढा, मी येतो.

---

गोधडी | १० सप्टेंबर, सकाळी ८:००

डोनाऊचा भाग वाचून साबांनी लगेच हो म्हटलं. जेवणाचं सांगा कुणीतरी. आणि ब्लाउबॉयरेनचा निळा झरा आणि विब्लिंगेनचं ग्रंथालय त्याच दिवशी होईल का? नवऱ्याने यादीत घातलंय.

---

निळासावळा | १० सप्टेंबर, सकाळी ८:४०

नवऱ्याला म्हणावं, एकच. उल्म, ब्लाउबॉयरेन आणि विब्लिंगेन एका दिवसात केलंत तर साबु कुठलीच पाटी पूर्ण वाचणार नाहीत आणि संध्याकाळी सगळे एकमेकांशी अबोला धरतील.

ब्लाउबॉयरेन ट्रेनने पंधरा मिनिटांवर आहे. तिथला ब्लाउटॉप्फ हा झरा खरोखर शाईसारखा निळा. शिवाय तिथल्या म्युझियममध्ये होहले फेल्स गुहेत २००८ मध्ये सापडलेली सहा सेंटिमीटरची मूर्ती आहे. या सगळ्या गुहा २०१७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तो वेगळा दिवस आहे, वेगळाच ठेवा. विब्लिंगेनच्या मठातलं १७४४ चं ग्रंथालय बसने होतं, पण त्यासाठी डोनाऊकाठचा तास कापावा लागेल. मी कापणार नाही.

---

तिखटमीठ | १० सप्टेंबर, सकाळी ९:२०

जेवण : केझेश्पेट्झले. हाताने पाडलेल्या गव्हाच्या शेवया, वर वितळलेलं चीज, त्यावर तळलेला कांदा. एक ताट दोघींना पुरतं. पण "ओने श्पेक" (डुकराचं मांस नको) हे शब्द साबांना पाठ करवून घ्या. एका ठिकाणी मला शाकाहारी सांगूनही सॅलडवर डुकराचे बारीक तुकडे आले, आणि वाढणाऱ्या बाईंच्या मते ते मांसात मोडत नव्हते. मसूर आणि श्पेट्झले हा इथला दुसरा पदार्थ, त्यावर सॉसेज असतात, ते नको म्हणून सांगितलं की उरतं ते आपल्याला घरचं वाटेल. माउलटाशेन (सारण भरलेली पिठाची पाकिटं) मूळचं मांसाचं, आता भाजीचंही मिळतं, विचारून घ्या.

फिशरफिर्टेलमध्ये बारानंतर जागा नसते. साडेअकराला जाऊन बसा. आणि घरी नेण्यासाठी उल्मर त्सुकरब्रोट, बडीशेपेचा गोड पाव. चहाबरोबर छान लागतो.

---

मावळा_डोनाऊचा | १० सप्टेंबर, सकाळी ११:१५

पुढच्या वर्षी साबा-साबु पुन्हा आले तर जुलैत या. जुलैच्या शेवटून दुसऱ्या सोमवारी श्वोरमोंटाग असतो. सकाळी नगराध्यक्ष गच्चीवरून शपथ घेतो की श्रीमंत आणि गरीब, दोघांशी सारखाच वागेन. १३९७ च्या सनदेतली शपथ आहे. दुपारी अख्खं गाव घरी बनवलेले तराफे आणि रबरी होड्या घेऊन डोनाऊत उतरतं आणि एकमेकांना भिजवतं. रंगपंचमीला जी माणसं घरात दडून बसतात त्यांनी काठावरूनच बघावं.

---

गोधडी | १० सप्टेंबर, रात्री १०:१०

मंडळी, किती लिहिलंत! ठरलं. सातची गाडी, गाइसलिंगेनवरून. आधी बाजार, मग म्युन्स्टर, साडेअकराला जेवण, नंतर तट आणि नॉय-उल्मचा काठ. नवरा जेवणानंतर एकटा कुबेर्गला जाणार, त्याला पाचला पुलावर भेटायचं फर्मान काढलंय.

शेवटचा प्रश्न : नवरा आणि लेक मनोऱ्यावर असताना आम्ही तिघांनी नुसतं चर्चमध्ये बसलं तर चालतं का? कुणी उठवत नाही ना?

---

निळासावळा | १० सप्टेंबर, रात्री १०:३०

प्रार्थना चालू नसेल तर कुणी काही म्हणत नाही, हवं तेवढं बसा. आत जायला पैसे नाहीत, तिकीट फक्त मनोऱ्याचं. पण बाहेर ऊन असलं तरी आत चांगलंच गार असतं. साबांना स्वेटर घाला, आणि बाजारात घेतलेली अक्रोडं आत फोडू देऊ नका, आवाज फार घुमतो.